बोट न लागणारा तांडेल

पहाडाची लेक दुकानात शिरली तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि गोळीताई खोकल्याच्या बाटल्या फडताळात लावत होत्या. पोरीचा चेहरा बघूनच त्या काय ते समजल्या. ओठ पांढरे, कपाळावर घाम, आणि फरशीवर पाऊल टाकताना फरशी आपल्याला सोडून जाईल की काय अशी धास्ती. बंदराच्या तोंडाशी चाळीस वर्षं औषधाचं दुकान चालवणाऱ्या बाईला याहून जास्त काही सांगावं लागत नाही.

"मावशी, डोकेदुखीची गोळी द्या."

"नुसतं डोकंच दुखतंय?"

लेकीने मागे वळून पाहिलं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मग ती काउंटरच्या आत येऊन स्टुलावर मटकन बसली.

"मला बोट लागते, मावशी. तीन फेऱ्या झाल्या आणि तिन्ही वेळा कठड्याला लटकून होते. खलाशी तोंडाने काही बोलत नाहीत, नुसते दुसरीकडे बघतात. त्यापेक्षा हसले असते तर बरं झालं असतं. पहाडाची लेक आणि ओकते! बाबांना उभ्या जन्मात एकदा तरी बोट लागली होती का?"

गोळीताई पुन्हा बाटल्यांकडे वळल्या. सरळ लावलेल्या दोन बाटल्या त्यांनी उगाचच काढून परत लावल्या.

पहाड म्हणजे या पोरीचे वडील. खरं नाव बंदरात कुणी घेत नसे. अंगापिंडाने दांडगा आणि वादळात जागचा न हलणारा तांडेल, बोटीवरच्या सगळ्यांचा वरचा माणूस, म्हणून पहाड. दोन वर्षांपूर्वी घराच्या ओट्यावर खुर्चीत बसल्या बसल्या तो गेला. त्यानंतर बोट त्याच्या धाकट्या भावाने चालवली. आता भावाचा गुडघा कामातून गेला, तेव्हा बर्फाच्या कारखान्यात बारा वर्षं कारकुनी केलेली ही लेक पुढे झाली. परवाना तिने कधीचाच काढून ठेवला होता. घरच्यांनी समजावलं, पण ऐकेल तर शपथ.

आणि आता ती विचारत होती, बाबांना कधी बोट लागली होती का.

गोळीताईंना तो पहिला दिवस अजून जसाच्या तसा आठवत होता. तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या आणि दुकान त्यांच्या काकांचं होतं. काका दुपारी जेवायला जात, त्या वेळी त्या एकट्याच असत. दुकानाला मागे एक दार होतं. ते एका चिंचोळ्या बोळात उघडे, आणि बोळात दोन्ही बाजूंना जाळी वाळत घातलेली असत. त्या जाळ्यांमधून वाकून एक भलामोठा माणूस आत आला. आधी त्याने कंगवा घेतला. मग बाम घेतला. मग चिकटपट्टी. मग बराच वेळ वजनकाट्याकडे बघत उभा राहिला.

"उलटीवर काही आहे का? बायकोला पाहिजे."

"कितवा महिना?" ताईंनी विचारलं.

"महिना नाही. तसलं नाही. बोटीवर गेलं की होतं."

"तुमची बायको बोटीवर जाते?"

एवढा थोरला माणूस, पण कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. ताईंना हसू आवरेना. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि गोळ्यांचा डबा काढायच्या निमित्ताने खाली वाकल्या. त्या दिवसापासून त्यांचं गुपित सुरू झालं.

गोळ्यांना गोळ्या म्हणायचं नाही, असं ठरलं. तो बोळातून यायचा आणि म्हणायचा, "ताई, चार बटणं द्या." पहिल्या गोळीने मात्र घात केला. तिची अशी गुंगी चढली की भर दुपारी सुकाणू धरल्या धरल्या पहाडाला डुलकी लागली आणि त्याने बोट थेट दुसऱ्याच्या जाळ्यात नेऊन घातली. शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच. ताईंची मात्र पाचावर धारण बसली. त्यांनी त्याला बळेबळे वरच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी औषध बदललं आणि सांगितलं, नवी गोळी आधी सुट्टीच्या दिवशी घरी घेऊन बघा, झोप येते का ते कळू दे, मगच बोटीवर. आणि घ्यायची ती निघायच्या तासभर आधी. एकदा ओकाऱ्या सुरू झाल्या की गोळी पोटात राहते कुठे? ती पण बाहेर.

बाकीचं शास्त्र ताई आणि पहाड यांनी मिळून शोधलं. दर शनिवारी तो शाळेतल्या मुलासारखा हजेरी द्यायचा. रिकाम्या पोटी गेलो, वाईट झालं. तळलेलं खाऊन गेलो, त्याहून वाईट. दोन सुके टोस्ट खाल्ले, बरं होतं. गालात आल्याचा तुकडा धरला, निम्मं दुखणं गेलं. खाली वाकून दोर सोडवला की संपलंच. इंजिनाच्या खोलीत डिझेलच्या वासात पाच मिनिटं थांबलो की गेलो कामातून. बोटीच्या मध्यावर उभं राहून, आभाळ आणि पाणी मिळतं त्या रेघेवर नजर ठेवली की पोट जागेवर. आणि सुकाणू हातात असलं तर सगळ्यात उत्तम.

"म्हणून सोडत नाही मी सुकाणू," एकदा तो म्हणाला. "लोकांना वाटतं, काय हा माणूस, बारा-बारा तास उभा! मी सोडलं तर ओकेन, हे त्यांना काय माहीत?"

ताई इतक्या हसल्या की काका आतून बाहेर आले.

पुढे काका गेले, दुकान ताईंचं झालं, आणि मागच्या दाराने येणारे वाढले. कुणी "खडू" मागे, कुणी "बिया", कुणी नुसतीच बोटं दाखवी. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, त्या मोठ्या सुट्टीनंतर बोटी पहिल्यांदा निघायच्या त्या आठवड्यात तर बोळात एकमेकांना चुकवताना लोकांची तारांबळ उडे. आणि प्रत्येकाला वाटे की बंदरात आपण एकटेच असे! बंदरातल्या अर्ध्या पुरुषांच्या पोटात अन्न ठरत नव्हतं, आणि त्यांची सगळी गुपितं गोळीताईंच्या पोटात ठरत होती. सख्ख्या बहिणीलाही त्यांनी कधी ताकास तूर लागू दिली नाही.

"मावशी, मी काय विचारलं?" लेक म्हणाली.

ताईंनी हातातली बाटली खाली ठेवली. मेलेल्या माणसाचा शब्द मोडायचा की जित्या पोरीला असंच तडफडत ठेवायचं? एरवी त्या अशा गोष्टीवर चार दिवस विचार करत बसल्या असत्या. पण पोरीची मान खाली गेली होती, आणि ती मान थेट बापाची होती.

"लागायची," ताई म्हणाल्या. "तुझ्या बाबांना बोट लागायची. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत."

आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. कंगवा, बाम, बटणं, आलं, सगळं. त्यांना वाटलं होतं पोरगी हसेल, निदान सुटकेचा श्वास तरी टाकेल. तसं काही झालं नाही. ती ताडकन उभी राहिली.

"मी पंधरा वर्षांची होते," ती म्हणाली. "हट्ट करून बोटीवर गेले होते. आतडी बाहेर यायची तेवढी बाकी होती. आणि बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, 'आमच्या घरात कुणाला बोट लागत नाही. ही कुणावर गेली कोण जाणे.' तेव्हा त्यांच्या खिशात तुमच्या गोळ्या होत्या?"

"होत्या."

"एक दिली असती मला!"

मग ताईंनी उरलेलंही सांगितलं. त्या दिवसाचा दुसरा अर्धा भाग फक्त त्यांनाच माहीत होता. त्या संध्याकाळी पहाड याच स्टुलावर येऊन बसला होता. बटणं मागितली नाहीत, काही नाही. नुसता तळहात चोळत राहिला. मग म्हणाला, "पोरगी माझ्यावर गेली, ताई. बोट लागणंही माझं आणि समुद्राचं वेडही माझं. दोन्ही एका अंगात असली की काय हाल होतात, ते मी भोगतोय. आज लाजवलं तिला. आता ती परत बोटीचं नाव काढणार नाही." ताई तेव्हा त्याच्यावर चांगल्याच तडकल्या होत्या. म्हणाल्या होत्या, घरी जाऊन तिला खरं सांगा. तो "सांगतो" म्हणाला होता. नंतर दर दोन-चार महिन्यांनी त्या विचारत, आणि तो म्हणे, "सांगतो हो, सांगतो." पुढे त्यांनीही विचारणं सोडलं.

हे सगळं ऐकताना लेकीचे डोळे भरले, पण आवाज मऊ झाला नाही.

"एकोणीस वर्षं मी काठावरून बोटी बघितल्या, मावशी, त्यातली बारा बर्फाच्या कारखान्याच्या खिडकीतून."

"चूक झाली पोरी. त्यांची झाली, आणि मी गप्प बसले, म्हणजे माझीही झाली."

लेक परत स्टुलावर बसली. मग नाक पुसून म्हणाली, "ते आलं गालात धरायचं, ते सोलून की सालासकट?"

त्या संध्याकाळी ताई स्वतः तिला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. म्हातारे डॉक्टर आता नव्हते, त्यांची सून दवाखान्यात बसे. तिने लेकीला तपासून गोळी लिहून दिली. रविवारी लेकीने ती घरी घेऊन बघितली आणि निरोप पाठवला, झोप नाही, नुसतं तोंड कोरडं. मंगळवारी ती पुन्हा दुकानात आली, बापासारखी मागच्या नाही, पुढच्या दाराने.

"उद्या दुकान बंद असतं ना तुमचं? चला माझ्याबरोबर. पहाटे जाऊन दुपारी परत."

ताई दचकल्या. हेच शब्द त्यांनी आधी एकदा ऐकले होते. पहाडही म्हणाला होता, फार वर्षांपूर्वी, "ताई, एकदा या की बोटीवर." आणि त्या म्हणाल्या होत्या, "तुमची दशा दर शनिवारी बघते मी. मला काय वेड लागलंय?" तो हसला आणि पुन्हा कधी म्हणाला नाही.

"येते," ताई म्हणाल्या.

त्यांनी मुद्दामच गोळी घेतली नाही. चाळीस वर्षं ज्याच्यावर औषध विकलं ते दुखणं तरी काय आहे ते एकदा बघूच, असा विचार केला. पिशवीत टोस्ट, आलं, मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली आणि दोन टॉवेल भरले. बोट बंदराबाहेर पडली, पहिली मोठी लाट खालून गेली, आणि ताई कठडा घट्ट धरून वाट बघू लागल्या.

काहीच झालं नाही.

दुसरी लाट गेली, दहावी गेली. बोट झोक्यासारखी वर-खाली होत होती. उजाडत होतं. पाण्याचा रंग क्षणाक्षणाला बदलत होता, आणि ताईंना कडकडून भूक लागली. त्यांनी एक टोस्ट खाल्ला. मग दुसरा. मग इंजिनवाल्याकडे चहा मागितला. सासष्टाव्या वर्षी त्यांना कळलं की बंदरात बोट न लागणारं माणूस एकच होतं, आणि ते आजवर औषधाच्या दुकानात बसून होतं. हे पहाडाला सांगायला हवं होतं. केवढा जळफळला असता तो! मग त्या बराच वेळ दूरच्या रेघेकडे बघत राहिल्या. गेले असते एकदा त्याच्या बोटीवर, तर काय बिघडलं असतं?

लेक मध्यावर पाय रोवून सुकाणू धरून उभी होती. गाल एका बाजूने फुगला होता. दोन तास तिने तग धरला. जाळं ओढायची वेळ झाली, तेव्हा ती खणखणीत आवाजात इंजिनवाल्याला म्हणाली, "काका, दोन मिनिटं सुकाणू धरा. मला ओकायचंय."

खलाशांनी एकमेकांकडे पाहिलं. इंजिनवाला पुढे झाला.

"ओक बाई, ओक. त्यात काय! सुट्टीनंतर पहिले चार दिवस मी सुद्धा..." इथे त्याची नजर गोळीताईंवर पडली आणि त्याने जीभ चावली. ताई समुद्राकडे बघत होत्या, जणू काही ऐकूच आलं नव्हतं.

लेक ओकली, तोंड धुतलं, ताईंनी दिलेलं पाणी घोट घोट प्यायली आणि परत जागेवर उभी राहिली. त्या दिवशी जाळं फार भरलं नाही, पण रिकामंही आलं नाही. परतताना ती ताईंना म्हणाली, "कमी झालं, मावशी. गेलं नाही, पण कमी झालं."

"तुझ्या बाबांचंही कधी गेलं नव्हतं," ताई म्हणाल्या, "पण बोट त्यांनी कधी कुणाच्या हाती दिली नाही. तू दोन मिनिटं दिलीस, ते बरं केलंस."

धक्क्याला लागल्यावर लेकीने त्यांना हात देऊन उतरवलं. ताई साडी सारखी करत उभ्या राहिल्या.

"पुढच्या बुधवारीही दुकान बंदच असतं माझं," त्या म्हणाल्या.