माझ्याखालची शिदोरी

नमस्कार करायला मला हात नाहीत, पण बसायला जागा आहे. या, बसा. मी बाक बोलतोय, लाखनीच्या मोठ्या रस्त्यावर बाबुलालच्या किराणा दुकानासमोरचा. डावीकडे सरकू नका, तो पाय कच्चा झालाय.

बाबुलालने दुकानाला सागवानी दारे करवली आणि उरल्यासुरल्या फळ्यांतून सुताराने मला ठोकले. शाळा मी पाहिली नाही. जे शिकलो ते गिऱ्हाइकांकडून. पहिला धडा बाबुलालचाच : "शिव्या देऊन गेलेलं गिऱ्हाईक वापस येते. चूपचाप गेलं ते गेलंच समजा." हा धडा पुढे नाटकात कामी येईल असे तेव्हा वाटले नव्हते.

होय, नाटकात मी काम केले आहे. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच. घरोघर पाहुणे उतरतात. दिवसा मुली बघून होतात, रात्री नाटक. जमीन खणून बैठक करायची, त्याच मातीचा रंगमंच रचायचा, आणि धानाच्या तणसावर गोणपाटाचे बोरे टाकून माणसे बसतात.

चौऱ्याहत्तर साली आमच्या गावच्या नाटक मंडळाने वेगळेच नाटक बसवले. राजा नाही, लग्न नाही, खलनायकसुद्धा नाही. पुराने पूल बुडालाय, एस.टी. अडकलीय आणि एकमेकांना न ओळखणारे आठ प्रवासी एका पडवीत कोंडलेत, एवढेच. पडवीत बाक पाहिजे म्हणून मला उचलून नेले.

त्या आठांत आमचा सेवकराम होता. धानाची शेती करणारा, आणि इतक्या सैल हाताचा माणूस की रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचा. त्याच्या वाट्याला आला शिदोरीवाला प्रवासी. शिदोरी माझ्याखाली दडवायची आणि उपाशी म्हातारीकडे पाठ करून एकट्याने खायची. म्हातारी झाला होता सायकली दुरुस्त करणारा डोमा, बायकोचे लुगडे नेसून.

माझे तोंड लोकांकडे. त्यामुळे नटांना दिसले नाही ते मला दिसले. आधी माणसे कुरकुरली. "हिरोईन कवा येते गा?" "गाणं नाही का एकबी?" मग सेवकरामने भाकरीचा पहिला घास मोडला आणि बाया गुडघ्यावर उठल्या. "अरे, दे ना तिले!" "पचन का रे तुले?" एक आजोबा तर चिवड्याचा पुडा घेऊन थेट डोमापर्यंत आले. मी खूश. गिऱ्हाईक शिव्या देत होते.

पण त्याच बैठकीत सिहोऱ्याच्या चंद्रभागाबाई होत्या. सेवकरामची लेक पंचफुला त्यांनी दुपारीच मुलासाठी पसंत केली होती. सुपारी सकाळी फोडायची होती. सकाळी त्या माझ्यावर येऊन बसल्या आणि चहाला हात न लावता म्हणाल्या, "पोरगी बेस आहे. पण बापाची नियत रात्री पाहिली मी."

"बाई, ते नाटक होतं," सेवकरामची बायको निर्मलाबाई काकुळतीला आली. "काल तुम्हीच आमच्या घरी जेवल्या ना?"

"पाहुण्याले सारेच वाढतात. उपाश्याले कोण वाढते ते पाहा लागते. अन् खाताना त्यायच्या तोंडाले पाणी सुटलं होतं, ते नाटकातलं नाही."

गेल्या. गोष्ट मात्र त्यांच्या आधीच गावोगाव पोचली. पुढे दोन स्थळे यायची होती, तीही आली नाहीत. पंचफुला एकदा बापाला म्हणाली, "बाबा, एवढं बेस काम काहून केलं?" सेवकराम हसला, पण माझ्यावर बराच वेळ बसून राहिला.

दुसऱ्या साली सिहोऱ्याच्या मंडईचे बोलावणे आले : तेच नाटक, तोच शिदोरीवाला. एका ट्रकवाल्याने मला नेले. निघताना निर्मलाबाई नवऱ्याला म्हणाली, "एका घासाचा सवाल आहे. देऊन टाका डोमाले. त्या बाईले दिसू द्या."

तो प्रसंग आला. सेवकरामने शिदोरी काढली, थांबला, आणि अख्खी भाकर डोमाच्या हातात ठेवली.

बैठक चूप झाली. शिवी नाही, टाळी नाही. मागचे लोक बोरे झटकू लागले. मला बाबुलाल आठवला. गेलं गिऱ्हाईक!

तेवढ्यात पुढल्या रांगेतून चंद्रभागाबाई उभ्या राहिल्या. "ए शिदोरीवाल्या! हे काय करून राहिला? तुले शिव्या द्याले सारं गाव घेऊन आली मी! घे वापस ते भाकर!"

"घे वापस!" सारी बैठक ओरडली. डोमाने तोवर एक लचका तोडलाही होता. सेवकरामने निर्मलाबाईकडे पाहिले, लोकांकडे पाहिले, आणि भाकर हिसकावून घेतली. मग काय शिव्या पडल्या! नाटक पुन्हा उभे राहिले. सेवकराम पाठ करून खात होता. घास काही उतरत नव्हता.

सकाळी मी ट्रकची वाट बघत मैदानात पडलो होतो. सेवकराम माझ्यावरच होता. चंद्रभागाबाई आल्या. "मागच्या सालचा खरा, का कालचा?"

"दोन्ही येळा नाटकच होतं, बाई. काल पोरीसाठी दिली अन् लोकायसाठी घेतली. आता तुम्ही समजा काय समजाचं ते."

त्या माझ्या दुसऱ्या टोकाला टेकल्या. "वापस घेतलेला घास उतरत नव्हता तुमचा. मागच्या साली तोंडाचं पाणी खरं मानलं मी, तर हे बी खरंच माना लागन. सुपारी आहे का जवळ?"

लग्नाच्या पंगतीत त्यांनी स्वतः सेवकरामला वाढले. "दडवू नोका इवाई, इथं खाले गंज पडलं आहे!" पंगत हसली.

आता शहाऐंशी साल आहे. मंडईत नाटकाच्या शेजारी व्हिडिओचा तंबू लागतो. बाबुलालला लोखंडी खुर्च्या आणायच्या आहेत, आणि माझी लाकडे बंबाला बरी पडतील असे तो परवा म्हणाला. त्याचे चूक नाही. धंदा आहे.

फक्त एक अडचण आहे. सेवकराम पंचफुलेला भेटायला सिहोऱ्याला निघाला की एस.टी.ची वाट बघत माझ्यावरच बसतो. जुन्या सवयीने शिदोरी माझ्याखाली सारतो. लगेच रस्त्यापलीकडून कोणीतरी ओरडतोच, "अरे, दे ना तिले!" मग त्याला ती सोडावी लागते. शेजारी बसलेल्या अनोळखी प्रवाशांना अर्धी अर्धी भाकर जाते. लेकीपर्यंत शिदोरी आजवर भरलेली पोचलेली नाही.

तेवढे त्याचे जाणे-येणे आहे तोवर राहू द्या मला. पाय बदलला तरी चालेल.