न बुडालेले काकासाहेब

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर कोणाचाच बसलेला नाही. मी एक जुना फ्लेक्स आहे, वाढदिवसाचा. आणि नाथसागराच्या पाण्यावर, झुळूकसुद्धा नसताना, मी एकदा स्वतःच्या बळावर हवेत उभा राहिलो आहे. हसू नका. आधी ऐका तर खरं.

माझा जन्म छत्रपती संभाजीनगरात, छपाईच्या एका दुकानात झाला. यंत्रातून बाहेर आलो तेव्हा माझे रंग इतके भडक होते की दुकानदाराने ट्यूबलाइट बंद केली आणि उरलेलं काम माझ्याच उजेडात उरकलं. माझ्या अंगावर काकासाहेबांचा चेहरा होता. डोळ्यांवर गॉगल, कानाला मोबाइल. जोडलेले हात दुसऱ्या फोटोतून आणून बसवले होते, त्यामुळे काकासाहेबांना एकूण तीन हात झाले. पण गावात ते कोणी मोजले नाहीत. वर ‘भावी सभापती’, खाली ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ आणि अगदी तळाला शुभेच्छुकांच्या टिकलीएवढ्या फोटोंची रांग.

धरणाच्या फुगवट्याकाठच्या गावात मला चौकात उभं केलं. फटाके वाजले, पेढे वाटले. येणाजाणारा मान वर करून मला बघायचा. वाटलं, आपलं आयुष्य असंच जाणार. पण वाढदिवस एका दिवसाचा असतो, मित्रांनो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात मी कांद्याच्या ढिगावर होतो. मग गोठ्यावर. एका शेळीने ‘शुभेच्छुकां’पैकी दोघांना चावून खाल्लं. त्यांच्या घरच्यांनाही ते कळलं नाही.

तिथून मला उचललं तनुजाने.

तनुजा पैठणच्या कॉलेजात शिकणारी पोरगी. तिची आत्या साळूबाई गावात शिलाईचं काम करते. पूर्वी काठावर एक जलक्रीडा क्लब होता, तो बंद पडला. त्यांची विंडसर्फिंगची, शीड लावून पाण्यावर चालवायची लांब फळी साळूबाईच्या दारात बाकडं म्हणून पडली होती. तिच्यावर मिरच्या वाळायच्या. तनुजाने मोबाइलवर कुठल्यातरी समुद्रातल्या पोरांच्या करामती पाहिल्या आणि मिरच्या खाली उतरवल्या. फळी होती, शीड नव्हतं. साळूबाईने मला त्रिकोणी कापलं, कडेला नेफा शिवला, त्यात एक बांबू घातला आणि हातात धरायला एक आडवा दांडा बांधला. तोच हा माझ्या कुशीतला बांबू. फारसा बोलत नाही, तुम्ही त्याच्याकडे लक्ष देऊ नका. कापाकापीत ‘सभापती’ गेलं, नुसतं ‘भावी’ राहिलं. ‘शुभेच्छा’ही गेल्या. चेहरा मात्र मधोमध, शाबूत.

आमच्या फुगवट्यावर वारं कमी. समुद्रासारखं सुसाट जाणं इथं नाहीच. म्हणून तनुजा मंद वाऱ्यातलेच खेळ शिकली. त्यात वेग नसतो, तोल असतो. शिडाकडे पाठ करून उभं राहायचं. फळी उलटी, शेपटाकडून चालवायची. शीड हातातून सोडून भिंगरीसारखं फिरवायचं आणि पडायच्या आत पुन्हा पकडायचं. सुरुवातीला ती पडायची, मग मी पडायचो, माझ्याबरोबर काकासाहेब पडायचे. रोज सकाळी पाचपन्नास वेळा काकासाहेब नाथसागरात बुडत आणि गोड्या पाण्याने चकचकीत होऊन वर येत.

ही बातमी गावात पसरायला किती वेळ लागणार? विरोधी पार्टीची माणसं चहाच्या टपरीवर विचारू लागली, आज काकासाहेब किती वेळा बुडाले म्हणून. त्यातच निवडणूक जवळ आली. एका संध्याकाळी काकासाहेब स्वतः साळूबाईच्या दारात आले, सोबत पुतण्याला आणि कोयता घेऊन. त्यांचं म्हणणं सरळ होतं. फ्लेक्स त्यांचा, तोंड त्यांचं, ते बुडवायचा हक्क कोणाला नाही.

तनुजा माझ्यासमोर आडवी आली. त्या रविवारी शहरातला क्लब आमच्या काठावर फ्रीस्टाइलची, म्हणजे शिडाच्या करामतींची, स्पर्धा घेणार होता. पहिल्या येणाऱ्याला क्लबात शिकवायला ठेवणार होते. दुसरं शीड तिच्याकडे नव्हतं.

“काका, रविवारपर्यंत राहू द्या,” ती म्हणाली. “तोंडाला पाणी लागू देणार नाही.”

काकासाहेबांनी गॉगल काढला. “लागलं तर?”

“तर तिथंच उतरवून न्या.”

“न्या म्हंजे काय, नेणारच. कडब्यावर टाकीन.” पायरी उतरता उतरता ते थांबले. “आन् नाय लागलं, तर तुझं.”

साळूबाई दाराआडून म्हणाली, “भावजी, चहा तरी घ्या. तोंड तुमचं इथंच हाय, कुठं जातंय.”

रविवार उजाडला तो चिडीचूप. पाणी आरशासारखं. शहरातली पोरं महागाची शिडं घेऊन आलेली, पण वाऱ्याची वाट बघत काठावर बसली. त्यांच्यातला गेल्या वर्षीचा विजेता शंतनू, चांगला पोरगा, दोन करामती करून आला. तिसरीला त्याचं शीड धपकन पाण्यात पडलं. काकासाहेब खुर्ची टाकून अगदी पाण्याला लागून बसले होते. पुतण्या कोयत्यासकट मागे उभा.

तनुजा गुडघाभर पाण्यातून, मला डोक्यावर धरून, अलगद फळीवर चढली. आणि मग मित्रांनो, जे झालं ते झालं!

आधी तिने माझ्याकडे पाठ केली. मग फळी उलटी चालवली. मग फळी चक्क कडेवर उभी केली आणि त्या चार बोटं रुंद कडेवर दोन्ही पाय ठेवून काठाला समांतर गेली. काठावरची गर्दी खुर्च्यांवर चढली. मग तिने मला फिरवायला घेतलं. माझी छपाई एकाच बाजूला. त्यामुळे मी फिरलो की चेहरा दिसायचा, मग कोरी पाठ, मग चेहरा. पोरांनी ताल धरला. “काकासाहेब आले! काकासाहेब गेले! काकासाहेब आले!” ‘गेले’ म्हटलं की काकासाहेब दचकून छातीला हात लावायचे आणि ‘आले’ म्हटलं की मिशीवरून फिरवायचे. एवढ्या तोंडांनी त्यांचं नाव आजवर कोणी घेतलं नव्हतं. पलीकडच्या दलदलीतले रोहित पक्षी बघता बघता एक पाय टेकायचाच विसरले. तेव्हापासून ते एका पायावर उभे असतात. विचारा कोणालाही.

राहिली शेवटची करामत. माझा आडवा दांडा धरून मागं रेलायचं, इतकं की वेणी पाण्याला लागली पाहिजे. ती रेलली. वेणी भिजली. आणि नेमकी तेव्हा होती नव्हती ती झुळूकही गेली. फळी जागच्या जागी थांबली. मी कलंडू लागलो. काकासाहेबांचं नाक पाण्यापासून वीतभर. पुतण्याने कोयता सरसावला.

अशा वेळी दुसरा कोणी असता तर पडला असता. मी नाही पडलो. मला कांद्याचा ढीग आठवला, कडबा आठवला. मी छाती फुगवली आणि वाऱ्याशिवाय, कोणाच्याही आधाराशिवाय, पाण्यावर अधांतरी उभा राहिलो. तनुजा जरा वेळ खाली मासे बघायला गेली असेल, मला नक्की आठवत नाही. मी मात्र तसाच. काकासाहेब खुर्चीवरून उठले, चपलांसकट पाण्यात शिरले. थेंब आहे का ते बघायला आले आणि बघतच राहिले. त्यांच्या हातातून गॉगल पडला. मग कुठूनतरी झुळूक आली, मी तनुजाला अलगद वर ओढून फळीवर उभं केलं आणि आम्ही काठाला लागलो.

काकासाहेबांनी माझ्यावरून हात फिरवला. कोरडा ठणठणीत. ते वळून पुतण्याला म्हणाले, “कोयता घरी नेऊन ठेव.” मग माइक हिसकावून घेतला आणि सांगितलं की शीड पोरीचं. पहिला नंबरही पोरीचाच लागला. त्या शेवटच्या करामतीला परीक्षकांकडे नाव नव्हतं. आता तिला सगळे ‘काकासाहेब’ म्हणतात. शहरातून येणारी पोरं एकमेकांना विचारतात, तुला काकासाहेब जमला का म्हणून.

आज माझी शिवण उसवली आहे, रंग उडाला आहे. तनुजाकडे नवी शिडं आली. ती तुम्हाला शिकवते तेव्हा मी या बांबूसकट तुमच्या डोक्यावर सावली धरून उभा असतो. म्हणून मित्रांनो, जुन्या वस्तू टाकू नका. त्यांना टाका घाला, उन्हात वाळवा, घडी नीट घाला. कारण एखादी जुनी वस्तू कधी, वारा नसताना, स्वतःच्या बळावर...

“गप रे,” बांबू म्हणाला. “इतकी वर्षं ऐकून घेतलं. पोरांनो, ह्याला बळ नव्हतं आन् वारंबी नव्हतं. तनुजा पाण्याखाली होती. फळीच्या पट्ट्यात पाय अडकवून, नाकातोंडात पाणी जात होतं, तरी दोन्ही हातांनी ह्याला वर धरून होती. मला तिची बोटं अजून लागतात.”