न्यायला येणारं माणूस

त्र्याहत्तर सालच्या पौषात जिजा चिखल्याच्या खाणवस्तीतल्या दवाखान्यात आली, तेव्हा सोबत नवरा इतवारी होता आणि ईश्वर होता. ईश्वर बी.एस्सी. झालेला, खाणीतल्या मँगनीजचे नमुने तपासणारा, आणि मुख्य म्हणजे जिजाच्याच माहेरचा, कोंढ्याचा. डॉक्टर बंगालचा, नवीनच आलेला, इंग्रजी बोलणारा. जिजाचं दुखणं त्याला सांगायचं तर तिच्या गावचंच माणूस हवं, असं इतवारीने ठरवलं होतं.

जिजाच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दोन घास खाऊन ती ताट सारायची. सासू शकुबाई म्हणायची, ही सारी सोंगं.

"मले करमत नाही," जिजा म्हणाली.

ईश्वरने इंग्रजीत सांगितलं, ती दुःखी आहे. डॉक्टरने इतवारीकडे रोखून पाहिलं. मारतो की काय हा? मग ईश्वर म्हणाला, ती कंटाळली आहे. डॉक्टर म्हणाला, हाताला काहीतरी विणकाम द्या. शेवटी ईश्वरला 'होमसिक' आठवलं. मग एसटी आहे की, डॉक्टरने विचारलं, जात का नाही?

तोही शब्द मापात बसत नव्हता. करमत नाही म्हणजे आठवण येणं नव्हे. उलट आठवण काढत बसलं की थोडं करमतं. हे ईश्वरला पक्कं ठाऊक होतं, कारण खोलीवर तोही तेच करायचा. इंग्रजी सोडून तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "साब, घर है, खाना है, आदमी अच्छा है. पर इसका मन..." आणि पुढे नुसता हात हलवला.

डॉक्टरचं पेन थांबलं.

"मोन केमोन कोरे," तो आपल्या बंगालीत स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. म्हणजे मन कसंसंच होतं.

जिजाने पहिल्यांदा मान वर केली आणि होकार भरला. डॉक्टरने औषध लिहिलं नाही. माहेरी पाठवा, एवढंच म्हणाला.

घरी शकुबाईने ते झटक्यात परतवलं. माहेरचं कोणी न्यायला आल्याशिवाय सून धाडायची नसते. एकटी गेली तर लोक म्हणतील टाकली, आणि नवऱ्याने नेऊन सोडली तर लोकांची खात्रीच होईल. जिजाचा बाप मोतीलाल वारला होता, भाऊ नव्हता. येणार कोण?

"मी नेतो," ईश्वर म्हणाला. "गावचा भाऊच आहो मी."

"सा महिन्यापासून इथंच आहा ना? आजच बहीण दिसली?" शकुबाईने विचारलं. "आन भाऊ गावाहून येत असते. खाणीतून नाही येत."

ईश्वरने वाद घातला नाही. रजा टाकून तो तुमसर, भंडारा करत कोंढ्याला गेला. जिजाची आई सखाबाई तळ्याच्या पारीवर, म्हणजे बांधावर, जाळं वाळवत होती. तिने फक्त एक विचारलं, पोरगी जेवते का? ईश्वर म्हणाला, जेवते. मग तिने सुकवलेल्या मासळीचं गाठोडं बांधून दिलं आणि त्याच्यामागे पारीच्या टोकापर्यंत चालत आली.

गाठोडं घेऊन तो परत येऊन दारात उभा राहिला, तेव्हा शकुबाईने त्याला जन्मात प्रथमच पाहिल्यासारखं केलं. पाय धुवायला पाणी दिलं. "लय लांबून आले जी. घरचे सारे बरे हाये ना?" ईश्वरनेही गंभीरपणे सगळ्यांची खुशाली सांगितली. आतल्या दाराशी जिजा पदर तोंडात धरून हसत होती, आणि डोळेही पुसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाली, तेव्हा बसथांब्यावर डॉक्टर फिरत फिरत आला. जिजाने ईश्वरकडून विचारून घेतलं, साहेबांना न्यायला कोण येते?

डॉक्टरने इंग्रजीत सांगितलं. गाव आता दुसऱ्या देशात गेलं. नदी आहे, घरही आहे, पण घरात दुसरी माणसं राहतात. तिकडून येण्यासारखं कोणी उरलं नाही.

ईश्वरने ते जिजाला सांगितलं. बस आली, गाठोडी चढली. गाडी सुरू होता होता ती खिडकीतून वाकली.

"आठ रोजानं येतो मी, साहेब. तवर जेवत जा."

ईश्वर भाषांतर करायला पुढे झुकला, पण डॉक्टरने आधीच मान डोलावली होती. गाडी वळणाआड जाईपर्यंत तो तिथेच उभा होता, आणि जिजा कोंढ्याच्या वाटेकडे पाहायचं सोडून मागे पाहत होती.