‘सुटली’ म्हणणारा कर्णा

मी बंदराच्या प्रतीक्षालयातला कर्णा बोलतोय. खरं तर आज पहिल्यांदाच बोलतोय. आजवर माझ्या तोंडून दुसरीच माणसं बोलत आली.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यातला. एकानं मला ठोकून आकार दिला, दुसऱ्यानं करडा रंग फासला आणि खोक्यात भरून इकडे पाठवलं. आधी मी बाहेर धक्क्यावर होतो. खाऱ्या वाऱ्यानं माझे ओठ गंजले, तेव्हा मला आत आणून तिकीटखिडकीच्या वर टांगलं. त्यानंतर माझ्यावरून कुणी फडकं फिरवलं असेल तर शपथ.

माझ्यातून येणारा आवाज ताईचा. खिडकीमागच्या चिंचोळ्या खोलीत ती माइकसमोर बसते. हमाल तिला ‘आकाशवाणी’ म्हणतात.

“काय आकाशवाणी, आज समुद्र कसा?”

“तुमच्या डोक्यापेक्षा शांत आहे. सामान उचला.”

आमच्या बंदराची भाषा मोजक्या शब्दांची. बोट ‘लागली’, बोट ‘भरली’, बोट ‘सुटली’. ‘निघाली’ असं इथं कुणी म्हणत नसे. दोर सोडला की बोट सुटली. हा शब्द ताईच्या जिभेवर इतका बसला होता की तो उच्चारताना तिला विचार करावा लागत नसे.

बरीच वर्षं आमचं प्रतीक्षालय ओस होतं. पलीकडच्या किनाऱ्यावर विमानं जाऊ लागली, मग बोटीत तासन्‌तास कोण बसणार? बाकांवर धूळ साचली. मी दिवसातून दोन-चारदा खरखरायचो आणि गप्प व्हायचो.

मग दूर कुठेतरी ज्वालामुखी फुटला. त्याची राख वरच्या हवेत पसरली आणि विमानं बंद झाली. विमानतळावरची सगळी माणसं आमच्याकडे लोटली. चाकांच्या बॅगा, गळ्यात अडकवलेल्या उशा, चुरगळलेले कोट. बाक पुरेनात, तेव्हा माणसं जमिनीवर बसली. उपाहारगृहातला चहा संपला, मग दूध, मग पेलेसुद्धा. मोबाइल चार्ज करायला भिंतीत एकच जागा होती, तिथे वायरींचा गुंता झाला. जुन्या दोन बोटी रंग खरवडून पुन्हा पाण्यात आणल्या, तरी गर्दी हटेना.

शेवटी बंदराच्या साहेबांनी नियम केला. ज्यांच्या घरी आजारपण आहे त्यांची रांग वेगळी, त्यांना आधी जागा. लगेच एक गृहस्थ त्या रांगेत घुसले.

“तुमच्याकडे कोण आजारी?” हमालानं विचारलं.

“मीच.”

“काय होतंय?”

“उभं राहून पाय दुखतात.”

लोक हसले. त्या दिवसांत मी ऐकलेलं हसू तेवढंच.

त्या रांगेत एक शिवणवाली होती. कपडे बेतता बेतता दुकानातून तशीच उठून आलेली. मोजायची टेपही गळ्यातच राहिलेली. तिची आई पलीकडच्या किनाऱ्यावर इस्पितळात होती. शिवणवालीचा मोबाइल बंद पडला होता. ती खिडकीशी येऊन ताईला म्हणाली, “दादाला मी इथल्या ऑफिसचा नंबर कळवलाय. आईचं काही आलं तर मला सांगाल ना? मला फक्त एकदा तिला डोळे उघडे असताना भेटायचंय हो.”

“सांगते गं. तू रांग सोडू नकोस.”

दुपारची बोट लागली. रांग हलू लागली. शिवणवालीच्या पुढे थोडीच माणसं उरली होती आणि तेवढ्यात ऑफिसचा फोन वाजला. दादाचा होता. लाइन खराब होती, मागे गलका होता. तो म्हणाला, “आई सुटली. बहिणीला सांगा, आता घाई करू नकोस, सांभाळून ये.” आणि फोन तुटला.

ताईनं सकाळपासून तो शब्द बोटींसाठी किती वेळा उच्चारला होता! तिला वाटलं, आई इस्पितळातून सुटली. तिचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत सांगण्याजोगं काही पहिल्यांदाच हाती आलं होतं. तिनं माइक ओढला.

“आजारपणाच्या रांगेतल्या शिवणवाल्या बाईंसाठी निरोप आहे, आणि आनंदाचा आहे! तुमची आई सुटली. दादा म्हणतात, आता घाई करू नका, सांभाळून या.”

सगळ्या प्रतीक्षालयानं टाळ्या वाजवल्या. शिवणवालीनं टेपच्या टोकानं डोळे पुसले. तिच्यामागे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांच्या बायकोचं ऑपरेशन होतं आणि या बोटीत त्यांना जागा मिळण्यासारखी नव्हती.

“काका, तुम्ही जा माझ्या जागी,” ती म्हणाली.

“अगं पोरी, आणि तू?”

“माझी आई घरी आली. मी नंतरच्या बोटीनं आले तरी चालेल.”

“नक्की ना?”

“कर्ण्यानं सांगितलं की आत्ता. ऐकलं नाहीत?”

काका गेले. ती आपण होऊन रांगेबाहेर झाली. बोट सुटली, तेही मीच सांगितलं.

थोड्या वेळानं दादाचा पुन्हा फोन आला. “ती दुपारच्या बोटीत बसली ना? संध्याकाळपर्यंतच थांबता येईल आम्हाला. तोंड बघायला पोचेल ना ती?”

“कुणाचं तोंड?” ताईनं विचारलं.

“आईचं,” दादा म्हणाला.

ताईनं कामावर असताना खोली कधी सोडली नव्हती. त्या दिवशी ती उठली आणि माणसांच्या पायांतून वाट काढत शिवणवालीपाशी गेली. कुणीतरी दिलेलं बिस्कीट शिवणवालीच्या हातात होतं. ताई तिच्याजवळ बसली, काहीतरी हळू बोलली. मला ते ऐकू आलं नाही. शिवणवालीनं मात्र ताईकडे पाहिलंच नाही. तिनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

“पण तुम्ही तर आनंदाचा निरोप म्हणालात,” ती म्हणाली.

भरलेली बोट माघारी येत नाही. नंतरची बोट अंधार पडल्यावर पोचणार होती. साहेबांनी फोन केले, ताईनं केले, उपयोग झाला नाही. मघाशी टाळ्या वाजवणारी माणसं नंतरच्या बोटीच्या वेळी आपापल्या बॅगा ओढून घेत बाजूला झाली. शिवणवाली त्यांच्यामधून गेली. बोट धक्क्यावरून हलली तेव्हा ताई माइकपाशी होती, पण तिनं तो चालू केला नाही.

पुढे राख विरली. विमानं पुन्हा उडू लागली आणि आमचं प्रतीक्षालय पुन्हा ओस पडलं. ताई आता बोट ‘निघाली’ म्हणते. हमाल तिची थट्टा करत नाहीत. माझ्या जागी पाटी लावणार आहेत म्हणे, अक्षरं सरकणारी. लावू देत.

जाण्याआधी एकच मागणं आहे. दादानं तो मऊ शब्द बहिणीच्या काळजीपोटीच निवडला होता, हे मला कळतं. पण तुमचा निरोप माझ्यासारख्या परक्या तोंडातून जाणार असेल, तर मऊ शब्द शोधू नका. आई वारली असेल तर वारली म्हणा. ऐकणाऱ्याला लागेल. पण त्याची बोट चुकणार नाही.