शिवाच्या अंगावरून उतरलेलं

कीर्तनाच्या पूर्वरंगात बीज नीट पडलं की उत्तररंगाला पीक ओढून काढावं लागत नाही, असं महेश्वरीचे वडील सांगायचे. ते शिवकीर्तन करायचे. त्यांच्याकडून तिला दोन गोष्टी आल्या, झांज आणि धिटाई. सोलापुरातल्या एका शाळेत ती पाचवीला विज्ञान शिकवायची आणि दर सोमवारी संध्याकाळी पेठेतल्या मठात कीर्तनाला उभी राहायची. तिच्या लेखी ही दोन कामं नव्हतीच. वर्गात तिचा हात झांज धरल्यासारखा हलायचा आणि मठात ती मधेच थांबून विचारायची, "कळलं का? मागच्यांना?"

यंदा संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेआधीच्या सोमवारसाठी तिनं विषय धरला हवेचा. आख्यान मनात तयारच होतं. धूम्रासुर नावाचा राक्षस ट्रकवर बसून शहरात शिरतो, चौकाचौकात मुक्काम करतो आणि लेकरांच्या छातीवर बसतो. सुरुवातीचं पदही तिनंच रचलं होतं:

एक वारा साऱ्यांचा, शिव त्याचा धनी ।
येतो घरी आपुल्या श्वासाच्या वाटेनी ।
वाट त्याची ठेवू या झाडूनी, पुसूनी ॥

पद म्हणायचं होतं तिच्या वर्गातल्या दानेश्वरीनं. मठाच्या मागच्या वाड्यात, माडीवर राहणारी दहा वर्षांची पोर. पण सूर लावला की तबलजी मान वर करून बघायचा. अडचण एकच. दिवाळीपासून तिला खोकल्यानं धरलं होतं. डॉक्टरांनी तोंडात मारायचा पंप दिला होता आणि तिच्या आईनं महेश्वरीला सरळ सांगितलं होतं, "बाई, छाती मोकळी झाली तरच गाईल. न्हायतर यंदा राहू द्या." त्या दिवशी दानेश्वरी आईच्या मागं उभी होती. ती बाईंकडे बघत होती.

आख्यानाला पुरावा हवा म्हणून महेश्वरीनं पोरांना कामाला लावलं. सहा पांढरे पुठ्ठे घेतले, त्यांवर खोबरेल तेलाचा हात फिरवला. थंडीमुळं तेल लगेच थिजून बसलं. "ह्याला हवेतली धूळ, काजळी चिकटते," ती म्हणाली. "आठवडाभर टांगा. मग बघू, कुठली हवा काय बोलते." एक पुठ्ठा होटगी रोडच्या चौकात चहावाल्याकडं गेला, एक शाळेच्या फाटकावर, एक जुळे सोलापुरात कुणाच्या मावशीच्या गच्चीवर. दोन पोरांनी आपापल्या अंगणात नेले आणि एक दानेश्वरीनं तिच्या खिडकीला बांधला.

"पहिला नंबर चौकाचा," वर्गातला बसू छातीठोकपणे म्हणाला. "हरलो तर बाई म्हणतील ते."

"मीपण चौकाच्याच बाजूनं," महेश्वरी हसली.

गुरुवारी सहाही पुठ्ठे फळ्याला टेकवले. चौकातला राखाडी झाला होता. फाटकावरचाही मळलेला होता. आईबाप पोरांना न्यायला येतात आणि गाड्या तशाच धुरधुरत ठेवून गप्पा मारतात, त्याचा तो प्रसाद. पण सहाव्या पुठ्ठ्यापुढं सगळे फिके पडले. तो तव्याच्या बुडासारखा काळा होता, वर काजळीचे कण चिकटलेले.

"हा कुणाचा गं?"

"माझा, बाई," दानेश्वरी म्हणाली. "मठाच्या मागचा."

"मठात ट्रक येतो काय?" बसूनं विचारलं. वर्ग खो खो हसला.

दानेश्वरी हसली नाही. "रोज पहाटे आज्जी जाळते की तिथं."

"कुठली आज्जी?"

पोरीनं खाली बघितलं. "तुमच्याच घरची, बाई."



महेश्वरीला काही विचारावं लागलं नाही. गुरम्मा, तिची सासू, तीस वर्षं मठाची झाडलोट करत होती. पहाटे उठून ओवरी झाडायची, पिंडीवरचा कालचा बेल, हार, फुलं काढायची आणि मागच्या अंगणात त्यांचा ढीग करून काडी लावायची. शाळेला निघताना महेश्वरीला तो धूर दिसायचा. आणि दिसला की तिनं, विज्ञान शिकवणाऱ्या बाईनं, त्याला हात जोडले होते. एकदा नाही, वर्षानुवर्षं.

घरी तिनं नवऱ्याला, गुरुशांतला, सांगितलं. तो कीर्तनात पेटीची साथ करायचा.

"आईला सांगणार तू?" तो म्हणाला. "मी आपला पेटी वाजवतो. तेवढंच माझं धाडस."

"सांगायला नको?"

"सांग की. पण मी घरात नसताना."

चौकातला पुठ्ठा पुढं करून मठाचा मागं ठेवता आला असता. आख्यान छान झालं असतं, कुणाला पत्ता लागला नसता. पण पोरांनी सहा पुठ्ठे पाहिले होते. पाच दाखवणाऱ्या बाईचं पुढं कुणी काय म्हणून ऐकावं?

शुक्रवारी उजाडताना ती पुठ्ठा घेऊन मागच्या अंगणात गेली. ढीग रचून झाला होता. गुरम्मा काडेपेटी चाचपत होती.

"आत्याबाई, आज पेटवू नका."

"का? पाऊस येतोय काय?"

महेश्वरीनं पुठ्ठा दाखवला, कुठं टांगला होता ते सांगितलं. गुरम्मानं तो डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि परत दिला.

"मग काय करू? घंटागाडीत टाकू? भाजीच्या देठांत, कोंबडीच्या पिसांत? शिवाच्या अंगावरनं उतरलेलं हाय ते! माझ्या सासूनं जाळलं, मी जाळते. तीस वर्सांत कुणी खोकलं न्हाय, आन् आता तुझा पुठ्ठा खोकायला लागला व्हय?"

महेश्वरी खाली बसली आणि ढिगात हात घातला. हारातली चंदेरी पट्टी निघाली, नायलॉनचा दोरा निघाला, उदबत्तीचा चकचकीत कागद, साखरेची पिशवी. एकेक करून तिनं सासूच्या पुढ्यात ठेवलं.

"हेपण शिवाच्या अंगावरचं का, आत्याबाई?"

गुरम्मानं दोरा बोटांत घोळवून बघितला. "आमच्या येळेला हार केळीच्या सोपटाच्या धाग्यात ओवायचे," ती हळू म्हणाली. मग लगेच सावरली, "हे काढून टाकते. नुसता बेल जाळते. मग तर झालं?"

"नुसता पाला जाळला तरी धूर तो धूरच. थंडीत तो वर जात नाही, अंगणातच बसून राहतो. आणि ती खिडकी बघा, किती वर आहे?"

गुरम्मानं मान वर केली. खिडकी दहा हातांवर होती. पोर उठली होती, आवाज खाली येत होता. 'एक वारा साऱ्यांचा' स्वच्छ आलं. दुसरी ओळ आली. तिसरीत 'वाट त्याची'पाशी सूर मोडला आणि खोकल्याची उबळ आली, लांबलचक, कोरडी. थांबली. पोरीनं पुन्हा पहिल्यापासून धरलं. पुन्हा तिथंच मोडलं.

"येत्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी हिचंच पद आहे," महेश्वरी म्हणाली. "आई म्हणते, छाती मोकळी झाली तर. अजून दहा दिवस आहेत."

गुरम्मानं काडेपेटी कमरेला खोचली.

"बरं. जाळत न्हाय. आता तू सांग, शिकलेली बाई. पायदळी येऊ द्यायचं न्हाय, गाडीत टाकायचं न्हाय. ठेवू कुटं?"

धूम्रासुराला चौकात कसा मारायचा ते महेश्वरीचं ठरलं होतं. मठाच्या अंगणात काय करायचं, ते आख्यानात नव्हतंच.

गुरम्माची नजर अंगणभर फिरली आणि कोपऱ्यातल्या बेलाच्या झाडावर थांबली. "यव्वा," ती स्वतःशीच म्हणाली. "हितनंच तोडतो की आपण पान. ज्याचं त्याच्या पायाशी घाल. मुरंल, खत होईल, झाड पुन्हा शिवाला देईल. आन् मी खुळी तीस वर्सं काडी लावत बसले!" तिनं मागं वळून मठात पेटीशी दडून बसलेल्या लेकाला हाक दिली, "गुरुशांता! पेटी ऱ्हाऊ दे, कुदळ आण!"

शनिवारी बसूची टोळी आली. पैज हरला होता, बाई म्हणतील ते करायचं होतं. पोरं हारांतून दोरे, पट्ट्या वेगळ्या करायची, पाला खड्ड्यात जायचा, वर मातीचा थर. गुरम्मा पायरीवर बसून हुकूम सोडायची, "ए बसू, दोरा ऱ्हायला बघ तुज्या हातात! डोळे हायत का बटाटे?" झाडायच्या आधी सडा मारायचा, म्हणजे धूळ उडत नाही, हे मात्र तिनंच पोरांना शिकवलं. दानेश्वरीच्या खिडकीला नवा पुठ्ठा लागला.

आठवडा गेला आणि ठरलेल्या सोमवारी संध्याकाळी मठ भरला. दुपारीच दानेश्वरीच्या आईनं निरोप दिला होता, "पंप चालूच हाय, पण रात्री झोपली निवांत. गाऊ दे."

महेश्वरीनं दोन्ही पुठ्ठे वर धरले, काळा आणि नवा, जेमतेम मळलेला. राक्षस ट्रकवर बसतो, फाटकापाशी धुरधुरणाऱ्या गाडीवर बसतो, ते सगळं तिनं सांगितलं. "पण मंडळी, त्याचा सगळ्यात जुना मुक्काम आपल्या मठात होता. आणि मी त्याला रोज नमस्कार करत होते."

"आन् पेटवत कोण होतं?" बायकांतून खणखणीत आवाज आला. "नाव घे की माजं! सासूला भितीस व्हय?"

मठ हसून लोळला. गुरुशांतनं पेटीमागं तोंड लपवलं.

मग दानेश्वरी उभी राहिली. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. 'वाट त्याची'पाशी तिचा श्वास अडखळला. खाली बसलेल्या गुरम्मानं झांज उचलली आणि मोठ्यानं मागची ओळ धरली, तिच्यामागं सगळ्या मठानं. श्वासाच्या वाटेनी, श्वासाच्या वाटेनी. तेवढ्यात पोरीनं छाती भरून हवा घेतली, घाई न करता, आणि तिसरी ओळ शेवटपर्यंत नेली. न मोडता. तबलजीनं मान वर केली.

आरतीला महेश्वरीनं ताट उचललं, तर कापरापाशी काडेपेटी ठेवलेली. तीच, कमरेला खोचलेली.

"घे," गुरम्मा म्हणाली. "आता हिला एवढंच काम."