ओलं कुंकू

काच फोडून आत आलेला गज श्यामच्या कपाळावर बसला, परत बाहेर ओढला गेला, आणि श्याम सुहासिनीच्या खुर्चीपाशी कोसळला.

“बाई, मागच्या दारानं पळा,” तिचा हा मदतनीस पडल्यापडल्या म्हणाला.

सुहासिनी हलली नाही. समोर नवं कॉम्प्युटर मशीन उत्तरं छापत होतं. जुनं मशीन कंपनीनं दिवाळीनंतर भंगारात काढलं, आणि त्याचे प्रोग्राम काही नव्यावर चालेनात. तेव्हा तिनं नव्याच्याच पोटात जुन्याचं सोंग उभं केलं होतं. असं, की प्रोग्रामला वाटावं आपण आपल्या जुन्या घरीच नांदतोय. त्यापायी संक्रांत बुडाली, पाडवा बुडाला, सासूबाईंचे टोमणे तेवढे चुकले नाहीत. आज त्याची पहिली चाचणी होती; उत्तरं जुन्या मशीनच्या उत्तरांशी जुळायला हवी होती. आणि आजच संपवाल्यांनी गेट तोडलं. या मशीनमुळे निम्मा कारखाना घरी बसणार, अशी चिंचवडभर आवई होती. ती खोटी आहे, असं तिलाही छातीठोकपणे सांगता आलं नसतं.

बाहेरच्या खोलीत कपाटं आडवी होत होती. कुणाला तरी लाथांनी तुडवत होते. तो आईच्या नावानं ओरडत होता. मग ओरडायचा थांबला.

फुटक्या काचेतून तिला पलीकडचं वर्कशॉप दिसलं. साहेबांची टेबलं, टाइपरायटर, सगळ्याचा चुरा. पत्रा दाबणारी प्रेस मात्र एकही फुटली नव्हती. दसऱ्याला लावलेलं कुंकू अजून होतं त्यांच्यावर.

ती वाकली. श्यामला वाटलं, आता पदर फाडून बांधेल. तिनं त्याच्या रक्ताळल्या कपाळावर बोटं टेकवली, उठली, आणि मशीनच्या पांढऱ्या पत्र्यावर ती पाची बोटं ओढली.

दार पडलं. पुढे धर्माजी, प्रेसवरचा, चाकणकडचा. हातात तोच गज.

“फोड, भावा!” मागून कुणी ओरडलं.

धर्माजीनं गज उचलला आणि तसाच थांबला.

“थांबा रं. पूजा झालीया हिची.”

“आमी न्हाई केली!” मागचाच ओरडला.

“कुणी का केली आसंना.”

गज काखेत धरून त्यानं पत्र्यावर बोट फिरवलं, सवयीनं कपाळाला लावलं. मग बोटाकडे पाहिलं. मग श्यामकडे.

“चला,” तो म्हणाला. कपाळ पुसायला उचललेला हात त्यानं तसाच खाली घेतला.

सगळे गेल्यावर सुहासिनीनं पदर फाडला आणि श्यामच्या कपाळाला बांधला.

“उत्तरं जुळली?” श्यामनं विचारलं. तो तिच्याकडे बघत नव्हता.

“जुळली,” ती म्हणाली, आणि मारलेली गाठ सोडून पुन्हा बांधू लागली.