आर्चिदुकेचं नाव घ्यायचं नाही

एव्हेनोरने 'आर्चिदुके' या तळलेल्या कोंबडीची फ्रँचायझी पाच वर्षांसाठी घेतली आणि दुसऱ्याच वर्षी हात टेकले. करार मध्येच मोडला म्हणून कंपनीने उरलेल्या तीन वर्षांचा हिस्सा मागितला. त्यात गाडी गेली, फ्रीजर गेले. उरली फक्त चार हजार डॉलरची अनामत. ती अख्खी परत मिळाली तरच पतपेढीकडे गहाण पडलेलं घर सुटणार होतं. अट अशी, की तीन महिन्यांत त्या जागेला चिकटलेलं कंपनीचं नाव सुटलं पाहिजे. ते वापरलेलं आढळलं, की दर वेळी तीनशे कापणार.

दुकान घरातच होतं. पाटी त्याने त्याच दिवशी उतरवली, पिवळी भिंत निळी केली. पण मानाग्वा शहरातल्या त्या वस्तीत घरांना नंबर कुठले? सगळी माणसं 'आर्चिदुकेपासून एक गल्ली तळ्याकडे' अशीच राहत होती. पत्ता सांगताना ते नाव घेऊ नका, अशा विनवण्या करत एव्हेनोर दारोदार फिरला.

शेजारच्या म्हाताऱ्या चेपिताबाई, वस्तीच्या 'डोन्या', उखडल्या. "कारखाना पडून तीस वर्षं झाली तरी मी बर्फाच्या कारखान्यापासून राहत होते. तू आलास, मग आर्चिदुकेपासून राहायला लागले. आता निळ्या भिंतीपासून? या वयात जागची न हलता किती घरं बदलू रे?"

"घर जाईल माझं, डोन्या."

"बरं बाबा. शिवलं तोंड."

वस्तीने शब्द पाळला. गॅस भलतीकडे जाऊ लागला, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक तिसऱ्याच घरी गेला आणि खाल्लाही गेला. पण नाव कुणी घेतलं नाही.

शेवटच्या दिवशी कंपनीचा तपासनीस विल्बेर चेक घेऊन निघाला. दुपारी त्याचा फोन आला. "अहो, तासभर भटकतोय. कुणाला विचारलं तर आभाळाकडे बघतात. पाचच्या आत चेक दिला नाही, तर अनामत बुडाली. घर कुठंय?"

"निळ्या भिंतीपाशी."

"इथे दर तिसरी भिंत निळी आहे."

एव्हेनोरच्या ओठांवर नाव आलं, ते त्याने कसंबसं गिळलं. "तुम्ही कुठे आहात, साहेब? मीच येतो."

पलीकडे बसची घरघर ऐकू आली. मग विल्बेर पुटपुटला, "एक लॉटरीवाली बसमध्ये चढता चढता म्हणाली, ही आर्चिदुकेच्या मागची गल्ली."

एव्हेनोर चपला हातात घेऊन धावला. विल्बेर आंब्याखाली घाम पुसत पावती लिहीत होता.

"तीनशे कापतोय. नाव वापरलं गेलं."

"कुणी वापरलं?"

"मी, फोनवर. ती लॉटरीवाली तर बसने गेली. पण नियम म्हणजे नियम. वापरणाऱ्याच्या रकान्यात माझंच नाव टाकलंय."

एव्हेनोरला रडू आलं, मग संतापाने हसू आलं. तीनशे कमी म्हणजे घर गेलंच. "टाका. आणि परत कसे जाणार?"

"टॅक्सी बोलावतो."

"बोलवा की. पत्ता काय सांगाल?"

विल्बेरने लावलेला फोन कानावरून काढला. "दोनदा माझं नाव दिसलं तर मला नोकरीवरून काढतील हो."

"मग ती पावती फाडा. मोठ्या रस्त्यापर्यंत मी पोचवतो."

विल्बेरने ती बारीक तुकडे करून फाडली आणि अख्ख्या चार हजारांचा चेक त्याच्या हातावर ठेवला. एव्हेनोरने तो दोनदा वाचला, बनियनच्या आत छातीशी धरला. चालता चालता विल्बेरने विचारलं, "खरं सांगा, या जागेला तुम्ही आता म्हणता तरी काय?"

"उद्या विचारा," एव्हेनोर म्हणाला. "उद्यापासून ते नाव फुकट आहे."